मामूंचा माईक आणि दहा मेगओहम

कोल्हापूर असो की इचलकरंजी, बाजारपेठेत 'मॅचिंग सेंटर' नावाचं एक तरी दुकान असतंच. साडीचा तुकडा घेऊन जायचं. दुकानदार शंभर छटांमधून नेमक्या त्याच रंगाचं अस्तर, फॉल किंवा ब्लाऊजपीस काढून देतो. ईदच्या आधीचे चार दिवस माझ्या बहिणी दुपट्ट्यासाठी तिथंच मुक्कामाला असायच्या. त्यामुळे मॅचिंग म्हणजे सारखेपणा, हा अर्थ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे.

आवाजाच्या धंद्यातही हाच शब्द चालतो. 'इम्पीडन्स मॅचिंग बघा,' असं साउंडवाले एकमेकांना सांगतात. मराठी विज्ञानलेखनात इम्पीडन्सला संरोध म्हणतात. शब्द अवघड आहे, पण गोष्ट अवघड नाही. माईक आणि त्याच्या पुढचं यंत्र यांच्यातलं मॅचिंग हे दुपट्ट्यासारखं नसतं, तिथे दोन्ही बाजू सारख्या असून भागत नाही, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती. तिचं वजन मात्र गगनबावड्याला, माझ्या मामूंच्या घरी कळलं.

गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण 55 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर आहे. तिथून पुढे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस याच तालुक्यात पडतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी लागते. पंत अमात्यांच्या जहागिरीचं हे गाव. वर गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे आणि गैबी पीराचा दर्गाही. मामूंनी आयुष्यभर या परिसरात लाउडस्पीकर भाड्याने दिले. उरूस, लग्न, गणपती, कुस्त्यांचं मैदान, निवडणुकीची सभा, सगळीकडे तेच दोन भोंगे, तोच ॲम्प्लिफायर आणि तेच मामू. भोंगा म्हटलं की हल्ली लोकांना एकच वाद आठवतो. मला मामूंचा संसार आठवतो. त्या भोंग्यांवर तीन मुलींची लग्नं झाली.

मामू माउथ ऑर्गन वाजवायचे. 1975 मध्ये 'शोले' आला आणि पडद्यावरच्या जयच्या हातातला तो बाजा गावोगावच्या पोरांनी उचलला, त्यांपैकीच ते एक. पडद्यावर अमिताभ दिसत असला तरी प्रत्यक्षात ते वाजवलं होतं भानू गुप्ता यांनी. त्याआधी 'सोलवा साल' (1958) आणि 'दोस्ती' (1964) या चित्रपटांतला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवला होता. मामूंना ही नावं पुढे कळली. त्यांना आधी कळलं ते एवढंच, की या वाद्याला मास्तर लागत नाही, ते खिशात मावतं आणि दोन कार्यक्रमांच्या मधला रिकामा वेळ भरून काढतं. कव्वाल मंडळी चहाला उठली की मामू माईक हातात घेत, त्याच ओंजळीत बाजा धरत आणि दहा मिनिटं वाजवत. पेटी आणि माउथ ऑर्गन तशी चुलत भावंडंच. दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पत्त्या असतात. पेटीला भाता हवा देतो, इथे छाती देते.

माईक आणि बाजा एकाच ओंजळीत धरायची ही रीत मामूंनी कुणाकडून शिकली नव्हती. पण हीच रीत त्यांच्या आधी दोन-तीन दशकं शिकागोत रूढ झाली होती. मिसिसिपीकडून कामासाठी उत्तरेला आलेले कृष्णवर्णीय वादक तिथल्या गजबजलेल्या क्लबांत वाजवत. गिटार विजेवर गेली तेव्हा तिच्यापुढे हार्मोनिका ऐकू येईना. मग या वादकांनी उद्घोषणेचे, वायरलेस सेटचे स्वस्त माईक ओंजळीत धरून ते गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडले. लिटल वॉल्टर हा त्यांतला सर्वांत मोठा. त्याचं 'जूक' हे निव्वळ वाद्यसंगीत 1952 मध्ये निघालं आणि तिथल्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिलं राहिलं. हातांच्या बंद पोकळीत आवाज भरतो, माईकवर त्याचा दाब येतो, ॲम्प्लिफायर थोडा फाटतो आणि चार इंचांचं वाद्य सॅक्सोफोनसारखं भरदार होतं. गरज शिकागोत आणि गगनबावड्यात एकच होती. समोरची गर्दी गप्प बसणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

मामूंचा माईक क्रिस्टलचा. हाताच्या मुठीएवढा, धातूचा, पुढे जाळी. कोल्हापुरात जुन्या सामानात तो त्यांना स्वस्तात मिळाला होता. याच्या पोटात रोशेल सॉल्टचा एक पातळ स्फटिक असतो. हे मीठ सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या सेन्येत नावाच्या औषधविक्रेत्याने पहिल्यांदा बनवलं, तेही जुलाबाचं औषध म्हणून. ते टार्टारिक आम्लापासून बनतं, म्हणजे चिंचेला आंबटपणा देणाऱ्या आम्लापासून. 1880 मध्ये क्युरी बंधूंनी दाखवलं, की काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युत दाब तयार होतो. रोशेल सॉल्ट त्यांतला एक. आवाजाने पडदा हलतो, पडदा स्फटिकाला वाकवतो, स्फटिक व्होल्टेज देतो. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागेही बहुतेक वेळा हाच स्फटिक असे.

या स्फटिकाचा मोठा गुण म्हणजे त्याचा आवाज जोरकस येतो, साध्या डायनॅमिक माईकपेक्षा कितीतरी पटींनी. हळू फुंकलं तरी तो उचलतो. त्याचा शत्रू म्हणजे हवा. फार ओल झाली तर तो विरघळू लागतो, फार कोरडं झालं तर त्यातलं पाणी उडून तो भुगा होतो, आणि 55 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत कायमचा निकामी होतो. असा माईक गगनबावड्यात चाळीसहून अधिक पावसाळे कसा टिकला? मुमानींच्या डब्यामुळे. घट्ट झाकणाच्या पितळी डब्यात तळाला तांदूळ, त्यावर कापडाची घडी, त्यावर माईक. वाजवून झालं की पुसून डब्यात. तांदूळ ओल शोषून घेतो, पण हवा अगदी सुकवून टाकत नाही. रोशेल सॉल्टला नेमकं तेवढंच हवं असतं. मुमानींना हे कुणी शिकवलं नव्हतं. पापडांचं जे करतात तेच त्यांनी माईकचं केलं.

आता मामू सत्तरी ओलांडून गेले आहेत. छातीचा जुना त्रास आहे, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. बाजा मात्र सुटला नाही. जोर कमी झाला, म्हणून सूर लांबवायचे सोडून ते छोट्या छोट्या तुकड्यांत वाजवतात. मला विचाराल तर आता ते जास्त चांगलं वाजवतात.

त्यांचा नातू कोल्हापुरात कॉलेजला आहे आणि गिटार वाजवतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात तो दोन पेडल घेऊन गावी आला. पेडल म्हणजे पायाने दाबायची छोटी खोकी. एक ओव्हरड्राइव्ह, आवाज जरासा फाडणारं. दुसरं डिले, प्रत्येक सुराचा प्रतिध्वनी देणारं. गावातल्या गणेश मंडळाने त्याच्या ग्रुपला एक संध्याकाळ दिली होती आणि मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांचा आग्रह होता, की मामूंनीही दोन गाणी वाजवावीत. या मंडळाला वर्षानुवर्षं मामूंचाच भोंगा होता. नातवाच्या मनात होतं, डिले लावला तर दादाचे छोटे तुकडे लांबतील, छातीवर ताण येणार नाही. विचार फार चांगला होता.

मामूंचा माईक डिलेमध्ये, डिले गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये. मामूंनी फुंकलं. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात डास अडकल्यासारखा. वरचे सूर कर्कश, खालचे जवळजवळ गायब. त्यांनी जोर लावला, खोकला आला. पुन्हा लावला. मग बाजा मांडीवर ठेवून ते म्हणाले, "अब दम नई रह्या रे." आणि नातवाला म्हणाले, "तुम्ही पोरं वाजवा. माझं झालं आता."

मी त्या दिवशी तिथंच होतो. इलेक्ट्रॉनिक्स हा माझ्या रोजीरोटीचा विषय. मामूंची छाती मला तपासता येत नाही, पण खोकं तपासता येतं. म्हणून त्यांना म्हटलं, "मामू, दोन दिवस द्या. दम तुमचा कमी झालाय की या डब्याचा, ते बघू."

गगनबावड्याच्या डोंगरात पावसाळ्यानंतर जागोजागी पाझर असतात. दगडातून बारीक धार येते. तिच्याखाली तांब्या धरा, सावकाश भरतो, धार तशीच राहते. पण त्याच पाझराला कुणी मोटरपंप लावला तर? पंप दोन सेकंदांत कोरडा ओढू लागेल. पाण्यात दोष नाही, पंपही चांगला आहे, पण एवढी ओढ सोसण्याची ताकद पाझरात नाही. क्रिस्टल माईक हा असा पाझर आहे. त्याच्याकडे व्होल्टेज भरपूर, पण प्रवाह नावाला. पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स म्हणजे ते यंत्र किती कमी ओढतं याचं माप. हा आकडा जितका मोठा, तितकी ओढ कमी.

मामूंच्या अडगळीतला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मी उघडला. माईकच्या सॉकेटपासून पहिल्या व्हॉल्व्हकडे जाताना एक रेझिस्टर होता, त्यावर लाल, लाल, हिरवा असे पट्टे. म्हणजे 2.2 मेगओहम. हा झाला तांब्या. मग डिले पेडलचा इनपुट मोजला. मल्टिमीटर लावून तो थेट मोजता येत नाही, पण सोपी युक्ती आहे. मोबाइलवरून एकसारखा सूर सोडायचा, मध्ये एक मोठा व्हेरिएबल रेझिस्टर घालायचा आणि पलीकडचं व्होल्टेज बरोबर निम्मं होईपर्यंत तो फिरवायचा. निम्मं झालं की रेझिस्टर काढून मोजायचा. तो जितका, तितकाच पेडलचा इम्पीडन्स. इथे तो सुमारे 100 किलोओहम निघाला. चांगल्या पेडलांमध्ये हा आकडा 500 किलोओहम ते 1 मेगओहम असतो. काही फझ आणि जुन्या पद्धतीच्या वाह पेडलांमध्ये 100 किलोओहमपेक्षाही कमी.

आता हिशोब. क्रिस्टल माईक हा विजेच्या भाषेत कपॅसिटरसारखा असतो. सोपं जावं म्हणून तो 1000 पिकोफॅरडचा धरू. असा माईक 10 मेगओहमला जोडला तर साधारण 16 हर्ट्झच्या खालचे सूर गळू लागतात, म्हणजे काहीच गळत नाही. 1 मेगओहमला जोडला तर ही सीमा 159 हर्ट्झवर येते. 100 किलोओहमला 1600 हर्ट्झच्या आसपास. मिक्सरच्या 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडला तर 16 हजार हर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ सगळंच गळतं. सी पट्टीच्या दहा भोकांच्या माउथ ऑर्गनचा सर्वांत खालचा सूर 262 हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा 2093 हर्ट्झचा. 100 किलोओहमच्या त्या डिलेमध्ये खालच्या सुराचा जेमतेम सहावा हिस्सा पोचत होता आणि वरच्या सुराचा जवळपास चार पंचमांश. मामूंच्या कानाला आलेला डास हाच. त्यांनी कितीही जोर लावला असता तरी हे प्रमाण बदललं नसतं, कारण चाळणी फुंकणाऱ्याच्या पुढे बसली होती.

मग 'सारखेपणा' हा गैरसमज आला कुठून? तो खोटा नाही, दुसऱ्या ठिकाणचा आहे. एका स्रोतातून जास्तीत जास्त शक्ती काढायची तर दोन्ही बाजूंचा रोध सारखा हवा, हे याकोबीने 1840 च्या सुमारास मांडलं. इम्पीडन्स हा शब्द ऑलिव्हर हेव्हिसाइडने 1886 मध्ये घडवला, तो तारायंत्र आणि टेलिफोनच्या काळात. मैलोगणती तारांवर आवाज पाठवताना दोन्ही टोकं सारखी ठेवण्यात फायदा होता. भोंग्याच्या बाजूलाही काहीसं तसंच. 16 ओहमचा भोंगा ॲम्प्लिफायरच्या 16 ओहमच्या खुणेवर, लांबची लाइन असेल तर 100 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. मामू हे डोळे मिटून करायचे. भोंग्याकडे शक्ती पाठवायची असते. माईककडून मात्र शक्ती नको असते, फक्त व्होल्टेज ऐकून घ्यायचं असतं. तिथे नियम वेगळा: ऐकणाऱ्याचा इम्पीडन्स बोलणाऱ्याच्या किमान दहापट हवा. 10 किलोओहमच्या माईकला 10 किलोओहमचा इनपुट दिला तर निम्मं व्होल्टेज तिथंच जातं. 100 किलोओहमचा दिला तर 91 टक्के पुढे पोचतं.

उपाय स्वस्त निघाला. टीएल-072 ही आयसी दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळते. तिचा इनपुट जवळजवळ काहीच ओढत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, 10 मेगओहमचा एक रेझिस्टर, दोन-चार कपॅसिटर. आयसी बफर म्हणून जोडायची, म्हणजे आवाज वाढवायचा नाही, फक्त न ओढता ऐकायचा आणि पुढे भक्कम करून सोडायचा. बाहेर पडताना तिचा इम्पीडन्स इतका कमी असतो, की पुढे 100 किलोओहमचं पेडल असो की 10 किलोओहमचा मिक्सर, फरक पडत नाही. हे सगळं खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलं. डबी पत्र्याचीच हवी आणि ती ग्राउंडला जोडलेली हवी, कारण एवढ्या मोठ्या इम्पीडन्सची वायर घरातल्या विजेची गुणगुण लगेच पकडते. त्याच कारणाने माईक ते डबी वायर हातभरच ठेवली. आवाज कमी-जास्त करायला कुणी माईकमध्येच 100 किलोओहमचा व्हॉल्यूम बसवतात. क्रिस्टलला तो चालत नाही, तिथे 5 मेगओहमचा लागतो. नाहीतर डबीत काळजी घेऊन माईकमध्येच पंप बसवल्यासारखं होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे क्रिस्टल माईक असेलच असं नाही. बहुतेकांकडे गाण्याचा डायनॅमिक माईक असतो, कॅनन पिनचा, 150 ते 600 ओहमचा. त्याची अडचण उलटी. पेडलच्या 1 मेगओहमपुढे त्याचा इम्पीडन्स अगदी कमी, म्हणजे ओढाताणीचा प्रश्नच नाही. पण त्याचा आवाज लहान. गिटारच्या पिकअपची सवय असलेल्या पेडलला तो पुटपुटल्यासारखा वाटतो आणि मागून फसफस येते. तिथे ट्रान्सफॉर्मर लावतात, एक पिनकडून मोठ्या जॅककडे जाणारा. 1 ला 10 या प्रमाणाच्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज दहापट होतं, पण इम्पीडन्स शंभरपट. 300 ओहमचा माईक 30 किलोओहमचा होतो, म्हणजे पेडल किमान 300 किलोओहमचं हवं. काहीच फुकट मिळत नाही. तिसरा प्रकार जास्त इम्पीडन्सच्या चुंबकीय माईकचा, हार्मोनिकावाल्यांचे आवडते गोळ्यासारखे माईक बरेचदा या जातीचे. त्यांना लांब वायर सोसत नाही. 50 किलोओहमचा माईक आणि सहा मीटर वायर म्हटली, की पाच हजार हर्ट्झच्या वरचा तजेला निघून जातो.

म्हणून कानाने ओळखायची खूण लक्षात ठेवा. आवाज पातळ, खालचे सूर गेलेले: क्रिस्टलला कुणीतरी ओढतंय, बफर लावा. सगळे सूर आहेत पण बारीक, मागे फसफस: माईकचा आवाज लहान, ट्रान्सफॉर्मर लावा. आवाज मोठा पण घोंगडी पांघरल्यासारखा: वायर लांब झाली, ती तोडा किंवा बफर माईकजवळ आणा. आणखी एक गूढ. पेडल बंद केलं तरी आवाजाचा पोत बदलतो, असं अनेक जण सांगतात. ट्रू बायपास पेडल बंद केलं की ते मधून पूर्ण बाजूला होतं आणि माईक थेट त्याच्या पुढच्या पेडलला जोडला जातो. ओढणारा बदलतो, म्हणून आवाजही. बफर सर्वांत आधी असला की हे थांबतं.

क्रमही महत्त्वाचा. माईक, बफर, मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले, मग ॲम्प्लिफायर. ओव्हरड्राइव्ह अगदी थोडा, कारण तो बारीक आवाजही मोठा करतो आणि मग माईक शिट्टी मारू लागतो. मामूंसाठी आम्ही तो काढूनच टाकला. हाताच्या ओंजळीने जे होतं ते त्यांना पुरतं. आणि सर्वांत आधी अर्थिंग. माउथ ऑर्गन धातूचा, माईक धातूचा, ओठ ओले, हात ओले, पावसाळा गगनबावड्याचा. अर्थिंग नीट नसेल तर धक्का थेट तोंडाला बसतो. मामू टेस्टर लावल्याशिवाय कुठल्याही स्टेजवर माईकला हात लावू देत नसत. ती सवय नातवाने उचलली आहे.

तिसऱ्या दिवशी डबी जोडली. मामूंना काही समजावलं नाही, फक्त म्हटलं, "हळू फुंका. जोर लावू नका." त्यांनी पहिल्या चार भोकांवर नुसता श्वास सोडला. खालचा सूर खोलीभर भरला आणि डिलेने तो दोनदा परत आणून दिला. त्यांनी बाजा तोंडापासून काढला, परतणारा सूर विरेपर्यंत ऐकला आणि मग तो संपायच्या आत पुढचा तुकडा वाजवला. त्यांना डिले कसा वापरायचा हे पाच मिनिटांत कळलं, आणि नातवाला ते कळायला सहा महिने लागले होते, असं तो स्वतःच म्हणाला. मुमानी आतून आल्या आणि विचारलं, "कुणाचा रेडिओ लावलाय?"

गणपतीत मामूंनी दोनाऐवजी तीन गाणी वाजवली, खुर्चीवर बसून, मध्ये पाणी पीत. पत्र्याच्या शेडवर पाऊस तडतडत होता आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. छातीचा त्रास गेला असं मी म्हणणार नाही, तो आहे तिथंच आहे. पण 'माझ्यातच दम नाही' हे वाक्य त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. वय झालेल्या माणसाचं एक असतं: काही जमेनासं झालं की तो आधी स्वतःला बोल लावतो आणि घरातलेही मान डोलावतात. मामूंच्या बाबतीत निम्मा दोष तरी खोक्याचा होता, आणि तो काढायला नऊ व्होल्टची बॅटरी पुरली.

माईक आता पुन्हा पितळी डब्यात, तांदळावर. आज ना उद्या तो स्फटिक जाणारच, चिंचेच्या आंबटाचं मीठ ते, किती पावसाळे काढेल? तेव्हा त्याच खोळीत सिरॅमिकची चकती बसवू, असं नातवाने ठरवलं आहे. तिला ओल बाधत नाही. तिचा आवाज जरा लहान, पण तीही तशीच पाझरासारखी, प्रवाह नावाला. म्हणजे मधली डबी तिलाही लागेल.

बॅटरी मात्र दर पावसाळ्याआधी बदलायची, असं मुमानींनी डबीच्या झाकणावर चिठ्ठी लावून ठेवलं आहे.